‘बेस्ट’मधला ‘ई’

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी मला विचारलं, “काका, तुंबलेल्या पाण्यातून ही बॅटरीची बस गेली तर शॉक नाही ना बसणार?” मागे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. दर पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता चौकातल्या गुडघाभर पाण्यातून घर गाठलेल्या बाईने हे विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं?

बॅटरीचे खोके सीलबंद असतात आणि वीज कुठे गळू लागली तर यंत्रणा प्रवाह तोडते. खोल पाण्यात मात्र कुठलीच बस घालू नये, डिझेलचीसुद्धा. पण आपली स्मरणशक्ती किती तोकडी बघा! मुंबईची बस चालवणाऱ्या ‘बेस्ट’च्या नावातला ‘ई’ ‘इलेक्ट्रिक’चा, म्हणजे विजेचाच आहे. ७ मे १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली. म्हणजे सत्तावन्न पावसाळे हे शहर विजेवर फिरलं. इंजिनाची बस त्यामानाने उशिराची, १९२६ ची.

दुसरी शंका शिकलेल्या लोकांची: वीज शेवटी कोळशाचीच ना? हो, महाराष्ट्रात अजून बरीचशी कोळशाचीच. आपला धूर चंद्रपूरच्या माथी मारून आपण स्वच्छ झालो, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः डिझेल इंजिनं खोलण्यात जन्म घालवलेला माणूस. तरी सांगतो, सिग्नल-ते-सिग्नल धावणाऱ्या गाडीला मोटरच शोभते. डिझेल इंजिन सिग्नलला उभ्या उभ्या तेल पितं. मोटर गप्प बसते, आणि वेग कमी करताना थोडी वीज बॅटरीत परतही टाकते.

तरीही लोकांचा विश्वास बसत नाही, आणि इथे मी लोकांच्या बाजूचा आहे.

विजेची बस महाग, ‘बेस्ट’ तोट्यात. म्हणून गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. ‘बेस्ट’ने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. बाहेरून रंग मात्र ‘बेस्ट’चा. ऑगस्ट २०२३ मध्ये या कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम थांबवलं, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना प्रथमच कळलं की आपल्या चालकाचा मालक वेगळाच आहे. काही कंत्राटदार तर मधेच गाशा गुंडाळून गेले. दीड दशकापूर्वी चार हजारांवर गाड्या होत्या. जुन्या गाड्या वय झालं की नेमाने भंगारात गेल्या. नव्या एकवीसशे विजेच्या बस मागवल्या, त्या ठरल्या वेळी आल्या नाहीत. थांब्यावर पाऊण तास उभ्या राहिलेल्या माणसाला हा हिशेब कुणी सांगितला नाही. त्याला पोस्टरवर फक्त हिरवं पान दिसलं. मग त्याने दोष बॅटरीला दिला, तर चुकलं कुणाचं? त्यात मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं.

कुर्ल्याचं बोलायला जड जातं. ९ डिसेंबर २०२४ ची रात्र. विजेच्या बसने माणसं चिरडली आणि दुसऱ्या दिवसापासून “या गाड्याच धोकादायक” सुरू झालं. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. डाव्या पायाला कामच नाही. आणि पेडल दाबताक्षणी मोटर पूर्ण जोर देते. डिझेलसारखी आधी घुटमळत नाही. वर्षानुवर्षं क्लच मारलेल्या पायाला हे नवं शिकवायला वेळ लागतो. त्या रात्री नेमकं काय घडलं, याचा निवाडा कोर्ट करेल. पण चालकाला किती दिवस शिकवलं आणि ते कुणी तपासलं, हे विचारायचा हक्क आपला आहे. तो प्रश्न बॅटरीचा नाही, कंत्राटाचा आहे.

त्या ताई समोरच बसल्यात. शॉकचं समाधान झाल्यावर त्यांनी आणखी एक विचारलं होतं: “मग काका, आमच्या थांब्यावर ही बस येते तरी कधी?” त्यावर मी चहाचा कप तोंडाला लावला.