झेलेना होरा : न बोललेल्या शब्दाचं चर्च

(घुमटाचा आतला भाग. कॅमेरा सावकाश वर जातो.)

मान वर करा. पांढऱ्याशुभ्र घुमटाच्या अगदी मध्यावर पाहा. एरवी जिथे पवित्र आत्म्याचं कबूतर किंवा मरियामातेचं चित्र असतं, तिथे एक जीभ आहे. लाल, भलीमोठी, भोवती ज्वाळांचं कडं. माणसाची जीभ.

ही जीभ ज्याची मानली गेली, तो माणूस बोलला नाही म्हणून मारला गेला, असं लोक सांगत आले.

(टेकडी, तळं, दूरवर मठ.)

आपण चेक प्रजासत्ताकात आहोत, ज्द्यार नाद साझावौ या गावाबाहेरच्या टेकडीवर. प्रागहून गाडीने सुमारे दीडशे किलोमीटर. बोहेमिया आणि मोराविया या दोन जुन्या प्रांतांची शीव इथलीच. खाली सिस्टर्शियन या कॅथलिक पंथाच्या संन्याशांचा मठ, मध्ये तळं आणि वर हे छोटंसं यात्रेचं चर्च. टेकडीला म्हणतात झेलेना होरा, म्हणजे हिरवा डोंगर. पण हे नाव मूळचं इथलं नाही. १२५२ साली ज्द्यारचा मठ उभा राहिला, तेव्हा पहिले संन्यासी नेपोमुकहून आले. त्या नेपोमुकजवळ झेलेना होरा नावाचा डोंगर आहे. माहेरच्या डोंगराचं नाव सासरच्या टेकडीला द्यावं, तसंच हे झालं.

आणि आपल्या गोष्टीतला माणूस त्याच नेपोमुकचा. त्याचं नाव यान.

(रात्रीची नदी. दगडी पूल.)

चौदाव्या शतकात यान प्रागच्या आर्चबिशपचा व्हिकर जनरल, म्हणजे त्याच्या वतीने कारभार पाहणारा धर्मगुरू होता. लोककथा अशी की राणी त्याच्याजवळ पापकबुली द्यायची. गोव्यात जिला कुमसार म्हणतात, तीच ही कबुली. धर्मगुरूच्या कानात सांगितलेलं तिथेच राहिलं पाहिजे, मग विचारणारा कुणीही असो. विचारणारा होता खुद्द राजा, वात्स्लाव चौथा. राणी काय बोलली, ते सांग. यानने ब्रसुद्धा काढला नाही. त्याचे हाल झाले आणि २० मार्च १३९३ च्या रात्री त्याला पुलावरून व्ल्तावा नदीत टाकण्यात आलं. तो पडला तिथे पाण्यावर पाच तारे चमकले, असं लोक सांगत आले.

इतिहासकार वेगळं कारण देतात. राजा आणि आर्चबिशप यांच्यात क्लाद्रुबीच्या मठाच्या प्रमुखपदावरून तंटा होता. राजाच्या मनाविरुद्ध यानने नव्या प्रमुखाला मान्यता दिली आणि राजाचा राग त्याच्यावर निघाला. मला हे कारण खरं वाटतं. पण या टेकडीवरचा दगडन् दगड रचला गेला तो पहिल्या गोष्टीवर.

(कबर. मेणबत्तीचा उजेड.)

१५ एप्रिल १७१९. प्रागच्या कॅथेड्रलमध्ये यानची कबर उघडली. सव्वातीनशे वर्षांनी कवटीत मऊ पेशींचा एक तुकडा सापडला. बघणाऱ्यांची खात्री पटली : जीभ कुजलेली नाही!

बातमी ज्द्यारला पोचली आणि मठाधिपती वात्स्लाव वेयम्लुवा यांनी त्याच वर्षी चर्चचं काम काढलं. यान तेव्हा संत झालेला नव्हता. रोमने, म्हणजे पोपने, त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं १७२१ साली आणि संतपद दिलं १७२९ साली. चर्चचा अभिषेक मात्र २७ सप्टेंबर १७२२ लाच उरकला होता. रोमच्या आधी ज्द्यारने निकाल दिला!

(वरून दिसणारा आराखडा.)

वास्तुकार होता यान ब्लाझेय सांतिनी. आजोबा इटलीतून आलेले, वडील प्रागमध्ये पाथरवट. सांतिनी जन्मापासून पायाने अधू होता. दगड फोडणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने दगडांना आकार सुचवले. जिथल्या भांडणात यान मारला गेला, त्या क्लाद्रुबीच्या मठाचं चर्चही त्यानेच नव्याने उभारलं.

इथे त्याने पाच हा आकडा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. वरून पाहिलं तर चर्च म्हणजे पाच टोकांचा तारा. आत यायला पाच दारं. मुख्य वेदीवर गोलावर उभा संत, पाच तारे, पाच देवदूत. आवाराभोवती आपल्या देवळांना असतात तशा ओवऱ्या, त्यांत पाच छोटी प्रार्थनास्थळं आणि पाच वेशी. पाच ताऱ्यांचा आणखी एक अर्थ लावतात. ‘मी गप्प राहिलो’ याला लॅटिनमध्ये ‘ताकुई’ म्हणतात आणि रोमन लिपीत या शब्दाची अक्षरं पाचच.

आता खिडक्या पाहा. काळ बरोक या भपकेदार शैलीचा, पण या निमुळत्या खिडक्या त्याआधीच्या, मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या वळणाच्या आहेत. जरा रेंगाळून पाहिलं की त्यांतही जीभच दिसू लागते. भिंतींवर रंगीत चित्रांची दाटी नाही. पांढरा गिलावा आणि त्यावर सरकणारा उजेड. मला विचाराल, तर या चर्चची खरी सजावट हीच. इथे आल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

सांतिनी अभिषेकानंतर जेमतेम सव्वा वर्ष जगला. डिसेंबर १७२३ मध्ये तो गेला, वय ४६.

(जळकं लाकूड. जुन्या थडग्यांची छायाचित्रं.)

१७८४ साली आग लागली आणि सम्राट दुसऱ्या जोसेफच्या राजवटीत मठही बंद झाला. यात्रेकरू थांबले, छप्पर उघडं पडलं. पुढे आवारात दफनभूमी झाली आणि पुरायला येणाऱ्या लोकांमुळे चर्च तगलं. ती थडगी आता हलवली आहेत. १९९४ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारशात घेतलं.

आणि ती जीभ? १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी तो तुकडा तपासला. ती जीभ नव्हतीच. मेंदूचा भाग होता.

(पुन्हा घुमट.)

सांतिनीला हे कळायचं कारण नव्हतं. वेयम्लुवांनाही नाही. घुमटातली जीभ होती तिथेच आहे, तिच्याभोवतीच्या ज्वाळाही. १६ मे हा संत यानचा सण. त्या सुमारास माणसं खालच्या तळ्याकडून टेकडी चढून येतात, पाचातल्या एखाद्या वेशीतून आत शिरतात आणि वर बघतात.