बंद घर उघडताना

गणपतीच्या दोन दिवस आधी चाकरमानी गावी पोहोचतात, वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप निघते, आणि मोठी माणसे केर काढण्यात गुंतलेली असताना दोन वर्षांचे मूल ओटी, माजघर ओलांडून मागच्या पडवीत पोहोचलेलेही असते. भरल्या घरात त्याच्यामागे आजी, काकू, आत्या यांपैकी कुणी ना कुणी असे. आता ती नजर उरलेली नाही, घर मात्र तेच आहे.

सर्वांत आधी न्हाणीघराकडे पाहावे. चुलीवरचे कढत पाणी बादलीत ओतायचे आणि मग विसण आणायला वळायचे, ही आपली जुनी सवय. त्या वळण्यातच घात होतो, कारण ६० अंश सेल्सिअसचे पाणीही लहान मुलाची कोवळी कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. म्हणून गार पाणी आधी घ्यावे, कढत नंतर. तरीही मूल भाजलेच, तर तो भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावू नये. आंघोळी उरकल्या की बादली पालथी घालावी. विहिरीची भीती सर्वांनाच वाटते, बादलीची कुणाला वाटत नाही. पण डोके जड असल्याने वाकून पाहणारे मूल तोल जाऊन आत पडते, आणि मग चार बोटे पाणीही त्याचा जीव घेऊ शकते.

ओली लाकडे पेटावीत म्हणून चुलीजवळ सरबताच्या बाटलीत रॉकेल ठेवलेले असते. मूल ते प्यायले तर उलटी करवू नये, कारण रॉकेलचा खरा धोका फुप्फुसांना असतो. १०८ क्रमांकावर फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे.

जांभ्याच्या भिंतीतल्या भेगा आणि लाकडांची रास या विंचवाच्या जागा. लाल विंचवाचे विष मुलाच्या हृदयावर घाला घालते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून असे अनेक रुग्ण वाचू लागले, पण त्यासाठी मूल वेळेत डॉक्टरांपुढे पोहोचावे लागते. दरदरून घाम सुटणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसेपर्यंत, किंवा विंचू उतरवणारा येईपर्यंत, थांबू नये.

रात्री अंथरुणे घालण्यापूर्वी पेटाऱ्यातल्या गोधड्या अंगणात नेऊन झटकाव्यात, आणि हे काम दिवसाउजेडीच उरकावे. वर्षभर घडीत राहिलेल्या गोधडीत काय शिरले आहे, ते माजघरातल्या दिव्याच्या उजेडात दिसत नाही.