स्टेबलची किंमत कोण मोजतं?

आत्ता बाहेर चहा घेताना एक जण मला म्हणाला, सर, डेबियन स्टेबल चांगलंय पण त्यात सगळं शिळं असतं. शिळं नका म्हणू हो, मुरलेलं म्हणा. लोणचं घातल्या दिवशी खात नाही आपण. डेबियन म्हणजे लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि स्टेबल म्हणजे तिची तपासून पक्की केलेली आवृत्ती.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉकने हे सुरू केलं. मागे कंपनी नाही, मालक नाही, जगभरातले हजारेक डेव्हलपर, त्यातले बरेचसे आपापली नोकरी सांभाळून काम करणारे, आणि त्यातून जे निघतं ते सर्व्हरवर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. आणि तेच डेबियन कुणाला रोज ताजं सॉफ्टवेअरही देतं. हे एकाच घरात कसं नांदतं, एवढंच मला आज बोलायचंय.

नवीन पॅकेज, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर, आधी सिडमध्ये येतं. सिड म्हणजे अनस्टेबल, सगळ्यात ताजी शाखा, नाव एका कार्टून पिक्चरमधल्या खेळणी मोडणाऱ्या पोरावरून ठेवलेलं. तिथे ते साधारण पाच दिवस थांबतं, फारच तातडीचं असेल तर दोन, निवांत असेल तर दहा, आणि तोपर्यंत नवा गंभीर बग आला नाही, सगळ्या आर्किटेक्चरवर, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर, बिल्ड झालं, आत येऊन दुसऱ्या कुणाचं काही मोडत नाही असं दिसलं, तर एक स्क्रिप्ट त्याला टेस्टिंग नावाच्या पुढच्या शाखेत नेते. सहसा त्यावर कुणी साहेब सही करत नाही. मग साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग फ्रीझ होतं, एकेक दार बंद होत जातं, फक्त बग दुरुस्त्या आत येतात, आणि जे उरतं ते स्टेबल.

आता २०२४ चा मार्च आठवा. एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशन लायब्ररीत बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा, घुसवला होता, आणि घुसवणारा कोण तर दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, देऊन तिचा मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, झालेला माणूस. ते पॅकेज सिडमध्ये आलं आणि चाळणीतून टेस्टिंगमध्येही गेलं. नियम सगळे पाळलेले होते बरं का, बिल्ड नीट, बग शून्य. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर, त्याच्या सिडवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! दुसरा कुणीही म्हणाला असता नेट स्लो असेल. हा मागे लागला, खणत गेला आणि २९ मार्चला जगाला सांगून मोकळा झाला. त्या वेळचं स्टेबल, बुकवर्म, एक्सझेडच्या जुन्या ५.४.१ वर होतं. त्याला धक्काही लागला नाही.

मला यात जे दिसतं ते असं की स्टेबल सुरक्षित राहिलं ते नुसतं जुनं होतं म्हणून नाही, तर कुणीतरी रोजच्या कामाच्या मशीनवर सिड चालवत होतं म्हणून. तो माणूस नसता तर ते पॅकेज आरामात मुरत मुरत पुढच्या स्टेबलमध्ये गेलं असतं, नुसतं थांबल्याने काही होत नाही, त्या वेळात कुणीतरी ते वापरायला लागतं.

आणि सिडवाल्यांचे हाल काय असतात ते मी पाहिलेत, माझा लॅपटॉप सिडवर आहे. त्याच महिन्यात २०३८ साली ३२ बिटचं घड्याळ संपतं, त्या प्रॉब्लेमसाठी टाइम ६४ बिट करायचं काम चालू होतं, लायब्ऱ्यांची नावं बदलून मागे टी६४ लागत होतं, हजारो पॅकेजेस पुन्हा बिल्ड. फुल-अपग्रेड मारलं की ॲप्ट, म्हणजे पॅकेज बसवणारं टूल, लांबलचक यादी दाखवायचं, हे काढू, ते काढू, आणि त्यात अख्खा डेस्कटॉप! खाली वाय की एन. मी कित्येक दिवस रोज सकाळी एन दाबून कामाला लागायचो. तो त्रास तेव्हा आम्ही काढला म्हणून ट्रिक्सीवर, म्हणजे बुकवर्मनंतरच्या स्टेबलवर, येणाऱ्याला नावाच्या शेवटी फक्त एक टी६४ दिसतं, बाकी काही कळत नाही.

पण थांबणंही अती झालं की लोक सोडून जातात हेही डेबियनने भोगलंय. वूडी हे स्टेबल आलं जुलै २००२ ला आणि पुढचं, सार्ज, थेट जून २००५ ला, तीन वर्षं! मधल्या काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, उबुंटू हे दुसरं लिनक्स आलं, डेबियनच्याच अनस्टेबलवर उभं राहून, आणि दर सहा महिन्यांनी रिलीज. शेवटी पुढे जाऊन डेबियनने फ्रीझची तारीख आधी ठरवायला सुरुवात केली. रिलीज मात्र तयार होईल तेव्हाच. हा तोडगा मला फार आवडतो, तारीख पाळायची कामाला लागायची, संपवायची नाही.

लवचिकता म्हणजे पॅकेजचीच असते असंही नाही. वायफायचं फर्मवेअर, म्हणजे त्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर, फ्री, म्हणजे मुक्त, नाही म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं, तत्त्वाला धरून बरोबर होतं, पण नवख्या माणसाचं नेटच चालू व्हायचं नाही. २०२२ मध्ये मतदान झालं, सोशल काँट्रॅक्टचा, म्हणजे डेबियनच्या वचननाम्याचा, मजकूर बदलायला तीनास एक बहुमत लागतं, ते मिळालं, आणि बुकवर्मपासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच यायला लागलं. वाद कडाक्याचा झाला, काही जण अजून नाराज आहेत, त्यांचं म्हणणं मी चूक म्हणणार नाही. पण कुणी रात्रीत गुपचूप बदललं नाही, सगळ्यांसमोर झालं.

आमच्या इथल्या एका शाळेची लॅब मी बघतो, चौदा मशीन, सगळी बुकवर्मवर. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी आलं तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, लगेच बदलायचं का? म्हटलं नाही, सहामाही परीक्षा होऊ द्या, दिवाळीच्या सुट्टीत करू, जुन्याला सिक्युरिटी अपडेट चालूच आहेत. सुट्टीत बसून बारा केली. दोन राहिली, ती ३२ बिटची, जुन्या प्रोसेसरची आहेत आणि ट्रिक्सीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलरही नाही की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोही नाही. ती बुकवर्मवरच आहेत, पोरं त्यावर टायपिंग शिकतात, ती किती वर्षं ओढता येतील ते बघतोय.