हसू दाबणारा माणूस: टिम कॉनवे आणि हार्वे कॉर्मनची जोडी कशी जमायची

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत एक माणूस बसलाय. दाढ ठणकतेय, जीव मेटाकुटीला आलाय. समोरचा डॉक्टर नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला आणि हा त्याचा पहिलाच पेशंट. हिरडी बधिर करायचं इंजेक्शन डॉक्टर चुकून स्वतःच्याच हातात टोचून घेतो. हात लुळा पडतो. मग पायाची पाळी. तरी हा पठ्ठ्या पेशंटला काही कळू न देता दाढ काढायचीच म्हणून झटतोय.

हे १९६९ सालचं स्किट. कार्यक्रम 'द कॅरल बर्नेट शो', अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवरचा. डॉक्टर आहे टिम कॉनवे, पेशंट हार्वे कॉर्मन. अर्धशतक उलटून गेलं तरी ही क्लिप लोक एकमेकांना पाठवतात, आणि पाठवताना बहुतेक जण म्हणतात, कॉनवे बघा काय धमाल करतोय.

मी म्हणेन, कॉर्मन बघा. त्या जोडीतली रंगत हसवणाऱ्याइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, हसू दाबणाऱ्याच्या हातात होती. ती कशी, आणि त्यामागे रेकॉर्डिंगची कोणती शिस्त होती, हे आज नीट उलगडून बघू. स्किट करणाऱ्यांसाठी शेवटी काही कामाच्या गोष्टीही आहेत.

[पाटी: १९६७ ते १९७८]

आधी कार्यक्रम. ११ सप्टेंबर १९६७ ला सुरू झाला, २९ मार्च १९७८ ला संपला. अकरा सीझन. लॉस एंजेलिसमधल्या सीबीएस टेलिव्हिजन सिटीच्या स्टुडिओत, समोर खरेखुरे प्रेक्षक बसवून तो टेप व्हायचा. कार्यक्रमाची सूत्रधार आणि मुख्य नटी कॅरल बर्नेट हिचा आग्रह होता की टेपिंग होता होईल तो थांबवायचं नाही. कपडे भराभर बदलायचे, नेपथ्य भराभर हलवायचं आणि नाटकाच्या प्रयोगासारखं सलग पुढे जायचं. थांबून थांबून चित्रीकरण केलं की प्रेक्षक थंड पडतात, आणि थंड पडलेल्या प्रेक्षकांना पुन्हा हसतं करायला प्रत्येक वेळी पहिल्यापासून मेहनत लागते. ती मेहनत मग पडद्यावर दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आठवडाभर तालमी, आणि शुक्रवारी एकाच भागाचं टेपिंग दोनदा. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी, दोन्ही वेळा वेगळे प्रेक्षक. प्रसारित होणारा भाग या दोन्हींतून जोडायचा.

या दोन खेळांवरच कॉनवेची सगळी पद्धत उभी होती. दुपारच्या खेळात तो लिहिलेलं बरहुकूम करायचा. संहिता जशीच्या तशी, हालचाली ठरलेल्या. मग दिग्दर्शक डेव्ह पॉवर्सकडून खात्री करून घ्यायचा की हवे ते सगळे शॉट मिळालेत. मिळाले म्हणजे कार्यक्रम सुरक्षित. काही बिघडलंच तर दुपारची टेप हाताशी आहे. मग संध्याकाळी तो पोतडी उघडायचा, आणि त्यात काय आहे हे समोरच्या नटाला ठाऊक नसायचं.

आपल्याकडे रंगभूमीवर याला अ‍ॅडिशन घेणं म्हणतात. सोंगाडा पदरची वाक्यं घालतो तशी ही भर. पण नाटकात अ‍ॅडिशन फसली तर प्रयोग फसतो, पुढच्याची क्यू, म्हणजे त्याने बोलायला सुरुवात करायची खूण, जाते, आणि विंगेत गेल्यावर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. कॉनवेने आधी पैसे वसूल करून घेतले आणि मगच जुगार खेळला. त्याचा विनोद बेभान वाटतो, पण त्यामागे इतका हिशोब होता. मला तरी या सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

[क्लिपचा स्थिर फोटो: खुर्चीत कॉर्मन]

आता हार्वे कॉर्मन. जन्म १९२७, शिकागो. गुडमन स्कूल ऑफ ड्रामात रीतसर शिकलेला, गंभीर भूमिका करायची इच्छा असलेला नट. आधी विनोदी नट डॅनी केच्या टीव्ही कार्यक्रमात होता. तो संपल्यावर कॅरल बर्नेटने त्याला सीबीएसच्या पार्किंगमध्येच गाठलं आणि आपल्या कार्यक्रमात ये म्हणून गळ घातली, असं ती स्वतः सांगते. या कार्यक्रमासाठी त्याला चार एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले.

हे प्रशिक्षण इथे कामाला येतं. कॉर्मनला पात्रातून बाहेर पडायचं नव्हतं. ती त्याच्या लेखी चूक होती, व्यवसायाला न शोभणारी. म्हणून तो खरोखर झगडायचा, आणि झगडा खरा असल्यामुळेच आपण त्यात गुंततो. मुळात हसायला तयार असलेला नट समोर असता तर हे स्किट दोन मिनिटांत संपलं असतं. कुणाला हसवायचं हा प्रश्नच उरला नसता.

दाताच्या स्किटमध्ये त्याची अवस्था बघा. पेशंट आहे, खुर्चीत अडकलाय. उठून जाता येत नाही, पाठ फिरवता येत नाही. बोलायला वाक्यं फारशी नाहीत, म्हणजे हसू बोलण्यात लपवायची सोय नाही. डॉक्टर शेजारीच, म्हणजे दोघे एकाच चौकटीत. लेखनातच ही कोंडी आहे. हसू दाबणाऱ्याच्या सगळ्या वाटा बंद केल्या की हशा वाढतो. विषय मुळात कॉनवेच्या अनुभवातला. लष्करात असताना एका डेंटिस्टने इंजेक्शन स्वतःच्याच अंगठ्यात टोचून घेतलं होतं, असं त्याने मुलाखतींत सांगितलंय.

कॉर्मनचं हसू टप्प्याटप्प्याने फुटतं. आधी ओठ आत घेतो. मग नजर कॉनवेवरून काढून दुसरीकडे लावतो. मग हात चेहऱ्यावर जातो, दुखऱ्या गालाला धरल्याचं निमित्त करून. इथपर्यंत तो अजून पात्रातच आहे, कारण दाढ दुखणारा माणूस गाल धरणारच. शेवटी खांदे हलायला लागतात, आणि खांद्यांवर कुठल्याच नटाचा ताबा चालत नाही. प्रेक्षकांना हा क्रम कुणी शिकवलेला नसतो, पण त्यांना तो बरोबर वाचता येतो. प्रत्येक टप्प्याला हशा एक पायरी वर चढतो.

आणि कॉनवे? तो हसत नाही. एकदाही घाई करत नाही. सुई टोचली की आधी काहीच करत नाही, नुसता हाताकडे बघतो. औषध चढायला वेळ लागतो ना, तेवढा वेळ तो खरंच घेतो. त्याने रंगवलेला 'जगातला सर्वांत म्हातारा माणूस' आठवा: पाय न उचलता, बोटभर बोटभर सरकत चालणारा. दारापासून टेबलापर्यंत येईस्तोवर समोरच्या कॉर्मनकडे करायला काहीच नाही, वाट बघण्याशिवाय. समोरच्याला रिकामं ठेवायचं आणि त्या रिकामपणात त्याला शिजू द्यायचं, हे कॉनवेचं खरं हत्यार.

[पाटी: हत्तींची गोष्ट]

आता दुसरं उदाहरण, १९७७-७८ च्या शेवटच्या सीझनमधलं. तोवर कॉर्मन कार्यक्रम सोडून गेला होता, म्हणजे हा प्रयोग त्याच्याशिवायचा. 'द फॅमिली' या स्किटमध्ये कॅरल बर्नेट, विकी लॉरेन्स, डिक व्हॅन डाइक आणि कॉनवे एक खेळ खेळत बसलेत. मध्येच कॉनवे सर्कशीतल्या हत्तींची गोष्ट सुरू करतो. सोंडेला सोंड जोडलेले जुळे हत्ती. गोष्ट संपतच नाही. संपली असं वाटलं की तो आणखी एक तपशील घालतो, अगदी शांतपणे, जणू सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट. बर्नेट कोसळते. व्हॅन डाइक कोसळतो. विकी लॉरेन्स मात्र म्हातारीच्या भूमिकेत सरळ चेहऱ्याने बसलीय. शेवटी ती एक सणसणीत शिवी हासडून विचारते, झालं का याचं? आणि तिथे कॉनवेचाही तोल जातो. ते टेपिंग त्या काळी प्रसारित झालं नाही, नंतर गमतीदार चुकांच्या विशेष कार्यक्रमांत दाखवलं गेलं.

इथे सरळ चेहऱ्याची जबाबदारी विकीने उचलली. १९६७ मध्ये ती या कार्यक्रमात आली तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती, आणि दहा वर्षं तिने ही माणसं जवळून पाहिली होती. तिच्या त्या एका वाक्याची ताकद आधीच्या लांबलचक गप्प बसण्यातून आली. आधी ती दोनदा हसली असती तर ते वाक्य नुसतीच शिवी ठरलं असतं.

जोडी नसताना काय व्हायचं तेही सांगतो, कारण त्यातून मुद्दा पक्का होतो. कॉर्मनचा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम १९७८ मध्ये आला आणि लगेच गेला. कॉनवेचे स्वतंत्र कार्यक्रमही एकामागून एक बंद पडत. त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर '१३ आठवडे' असं होतं, तेवढ्यातच आपला कार्यक्रम बंद होतो म्हणून. दोघेही अव्वल नट, पण एकट्याने ती ठिणगी पडत नव्हती. पुढे उतारवयात दोघांनी एकत्र रंगमंचीय कार्यक्रमाचे दौरे केले, आणि तिथे लोक गर्दी करत.

[कॅमेरा जवळ]

आता स्किट करणाऱ्यांसाठी. एकांकिका स्पर्धा असो, सोसायटीचं स्नेहसंमेलन असो किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ, ही पद्धत लागू पडते.

पहिला टेक संहितेप्रमाणे, पूर्ण. एक शब्द इकडेतिकडे नाही. हा हातात आल्याशिवाय अ‍ॅडिशनचा विचारही करू नका. मग दुसरा टेक, आणि त्यात मोकळीक एकालाच द्या. दोघांनी एकाच वेळी भर घालायला सुरुवात केली की कुणीच ऐकणारा उरत नाही, दोघे आपापल्या वाक्याची वाट बघत बसतात. बदलाच्या जागा दोन-तीनच ठेवा आणि त्या संवादात ठेवण्यापेक्षा वस्तूत किंवा हालचालीत ठेवा. वस्तू समोरच्याला दिसते, पण तिला उत्तर देता येत नाही. संवादाला उत्तर देता येतं, आणि उत्तर दिलं की दाब निघून जातो. पुढच्याची क्यू मात्र शब्दशः तीच हवी. मधला रस्ता कितीही वाकडा घ्या, शेवटी त्याच वाक्यावर या, नाहीतर समोरचा गोंधळतो. गोंधळलेल्या माणसाला हसू येत नाही, घाम फुटतो.

हशा आला की थांबायचं, पण किती? पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर भोक पडतं. ऐन जोरात असताना बोललात तर वाक्य बुडतं, आणि प्रेक्षक पुढच्या वेळी ऐकू यावं म्हणून हसू दाबायला लागतात. हशा शिखरावरून उतरायला लागला की बोला, तो संपायच्या आत.

कॅमेरे दोन असतील तर एक हसू दाबणाऱ्यावर कायमचा लावून ठेवा. एकच असेल तर दोघे चौकटीत दिसतील असा शॉट घ्या. संकलनात सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथे: शांतता लांबलीय म्हणून कापली जाते आणि भर घालणाऱ्याचा क्लोजअप जोडला जातो. त्या शांततेतच समोरच्याचा ओठ थरथरत असतो. प्रेक्षकांसाठी वेगळा माइक हवाच. नटांच्या कॉलर माइकवर हशा लांबून आल्यासारखा येतो आणि सगळा प्रसंग कोरडा पडतो.

हसू फुटण्याचं नाटक मात्र करू नका. खोटं हसू तोंडापासून सुरू होतं आणि नट कॅमेऱ्याकडे बघतो. खरं हसू श्वासापासून सुरू होतं आणि नट कॅमेऱ्यापासून तोंड लपवतो. पाहणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. आणि तालमीत दहा वेळा फुटलेलं हसू प्रयोगात फुटत नाही, म्हणून नवी भर तालमीत दाखवूच नका.

शेवटी, पाहायचं कसं ते. अर्ध्या तासाच्या 'कॅरल बर्नेट अँड फ्रेंड्स' मालिकेत मूळ एका तासाच्या भागांतली स्किट्स निवडून घेतलेली आहेत, आणि तीही नंतरच्या सीझनमधली. पहिल्या पाच सीझनचे हक्क वेगळ्या निर्मात्याकडे असल्याने ते भाग बरीच वर्षं दिसत नव्हते, २०१५ मध्ये ते डीव्हीडीवर आले. शक्य असेल तर पूर्ण तासाचा भाग बघा. दाताचं स्किट पहिल्यांदा आवाजासह पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा, कॉनवे ज्या बाजूला आहे ती पडद्याची बाजू हाताने झाका आणि फक्त खुर्चीतल्या माणसावर नजर ठेवा. कॉर्मनचा हात पहिल्यांदा चेहऱ्याकडे जातो ती वेळ टिपून ठेवा, आणि मग आवाज सुरू करून नेमक्या त्या क्षणी प्रेक्षकांचं काय होतं ते ऐका.