साठीनंतर गिरवलेली मोडी

श्रोतेहो, नमस्कार.

समोर टेबल असेल तर त्यावर, नसेल तर मांडीवर उजव्या हाताची तर्जनी टेकवा. आता डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा, अगदी कडेपर्यंत. देवनागरी लिहिताना आपण आधी अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडी या आपल्या जुन्या मराठी लिपीत उलटं असतं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला खालून अक्षरं अडकवायची. हात होता होईतो उचलायचा नाही. शब्द संपला म्हणून जागा सोडायची नाही, वाक्य संपलं म्हणून दंड द्यायचा नाही. ओळ भरली की खालच्या ओळीवर यायचं.

ही रेघ मी पहिल्यांदा ओढली ती वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

माझी सगळी नोकरी टपाल खात्यात झाली. लोकांच्या हातचे पत्ते लावण्यात, हो, आम्ही 'लावणं'च म्हणायचो, तीसेक वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर माहेरच्या पेटीतले आजोबांचे कागद बाहेर काढले आणि एकही अक्षर लागेना. माझ्याच घरचे कागद, माझ्याच भाषेतले, आणि मी त्यांच्यापुढे निरक्षर. ते वाईट वाटणं मी अजून विसरलेले नाही. त्यातूनच मोडीच्या वर्गात गेले आणि आता गेली काही वर्षं आमच्या गावच्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी मीच एक वर्ग चालवते आहे. आज त्या वर्गाविषयी बोलायचं आहे.

मोडी आपल्यापासून फार दूर गेलेली नाही. परंपरेनं तिचं श्रेय तेराव्या शतकातल्या देवगिरीच्या हेमाद्री पंडिताला दिलं जातं. शिवकाळातलं बाळाजी आवजी चिटणिसांच्या नावाशी जोडलेलं चिटणिशी वळण, मग पेशवाईतलं गोल, देखणं वळण, मग इंग्रजी अमदानीतलं घाईचं, टाकानं लिहिलेलं वळण, असा तिचा प्रवास आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९१७ साली कारभारासाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, पुढे केली, तरी शाळांतून मोडी शिकवली जात राहिली आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत ती गेली. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी बोरूनं मोडी गिरवली ते लोक आज हे भाषण ऐकत असतील. दोन पिढ्यांत आपण आपला कागद वाचायचं विसरलो.

कागद तर ढिगानं पडले आहेत. पुण्याचं पेशवे दफ्तर रुमालांत बांधलेलं आहे. रुमाल म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, आणि असे रुमाल तिथं हजारोंनी आहेत. तंजावरला भोसल्यांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत. तंजावरहून गेलेली मोडी पत्रं थेट डेन्मार्कमधल्या संग्रहांत पोचली आहेत आणि तिथल्या एका विदुषीनं ती वाचून छापलीही आहेत. शिकवणारेही आहेत. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं, राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालयही घेतं. २०२३ साली जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावी मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, जमिनीची पाहणीपत्रकं बाहेर निघाली. त्या कामाचं मोल मोठं आहेच. पण माझ्या वर्गात येणाऱ्यांपैकी बहुतेकांना दाखला नको असतो, नोकरीही नको असते. साठी ओलांडलेली, काही सत्तरी ओलांडलेली माणसं दर आठवड्याला वही घेऊन येतात. 'वेळ जायला बरं आहे,' असं त्यांचीच मुलं म्हणतात तेव्हा मला राग येतो. का येतो, ते एका संध्याकाळच्या गोष्टीवरून सांगते.

आम्ही पेशवाईतल्या एका घरच्या कार्याच्या खर्चाची याद वाचत होतो. तांदूळ लागले, गूळ लागला, तूप लागलं. पुढं सलग अक्षरं आली, 'तेलदिवटीयास'. मोडीत शब्द तुटत नाहीत, ते तोडायचं काम वाचणाऱ्याचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे तोही आधार नाही. कोणी म्हणालं 'तेलदी', कोणी म्हणालं 'तेलादी वाटीयास', तेलाच्या वाट्या असतील. इतिहासात एम.ए. केलेली एक हुशार तरुण मुलगी त्या दिवशी आली होती, तिलाही लागेना. मला स्वतःलाही तोवर लागलं नव्हतं. मागच्या बाकावर एक आजी बसतात, शिक्षण चौथीपर्यंतचं, बोलतात फार कमी. त्या म्हणाल्या, "अहो ताई, तेल दिवटीयास. दिवटीवाल्याला तेल दिलं." त्यांचं कुलदैवत खंडोबा. घरी देव्हाऱ्याशेजारी दिवटी आणि बुधली आहे, जागरणाला दिवटी पेटते, बुधलीतून तिच्यावर तेल घालतात, आणि हे त्या लहानपणापासून बघत आल्या आहेत. कार्य रात्रीचं होतं, दिवट्या धरणारी माणसं उभी होती आणि त्यांच्या दिवट्यांना तेल द्यावं लागलं, हे सगळं त्या एका ओळीतून उभं राहिलं. वर्गात कितीतरी वेळ कोणी बोललं नाही.

मोडीत अक्षर ओळखणं हा निम्माच भाग. उरलेला निम्मा भाग म्हणजे तिथं काय असू शकेल याचा अंदाज, आणि तो अंदाज जगलेल्या आयुष्यातून येतो. कुठल्याही जुन्या कागदाचं असंच आहे. चिपटं, मापटं, अधोली, पायली ही मापं ज्यांनी घरात हाताळली त्यांना धान्याची याद भराभर लागते. आमच्याकडे एक सोनार आहेत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हा हिशोब त्यांच्या जिभेवर, म्हणून दागिन्यांची यादी आली की कागद त्यांच्याकडे सरकवायचा. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तरुण मुलांना हे समजावून सांगावं लागतं. ज्यांनी पावकी, निमकी, पाउणकी घोकली आहे ते नुसते हसतात आणि पुढे वाचतात.

आणि तारखा! पेशवाईतल्या कागदावर साल बहुधा शुहूर सनाचं असतं आणि तेही अरबी शब्दांत. 'इसन्ने सबैन मया व अलफ.' इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७२. हा सन मृग नक्षत्र लागतं तेव्हा सुरू होतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात जूननंतरची तारीख असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते जूनमधली असेल तर ६००. म्हणजे हा कागद १७७१-७२ सालचा. हे अंक पाठ करताना वर्गाला घाम फुटला होता. उर्दू शाळेत शिकलेल्या एक बाई आमच्यात आहेत. त्यांनी 'वाहिद, इसनैन, सलासा' असं सुरात म्हणून दाखवलं आणि मराठी कागदात त्यांचं रूप कसं बदललंय ते एकेक करून लावून दिलं. तेव्हापासून वर्ग सुरू होताना आम्ही ते पाढ्यासारखे म्हणतो, अहद, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. मराठ्यांच्या दफ्तरात अरबी अंक आहेत हे पुस्तकात वाचणं निराळं आणि शेजारी बसलेल्या बाईंच्या तोंडून ते ऐकणं निराळं.

वयाचं कारण सांगणाऱ्यांना मी गोविंद सखाराम सरदेसाईंचं उदाहरण देते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नोकरीत उमेदीची वर्षं घालवून ते १९२५ साली निवृत्त झाले तेव्हा साठीला पोचले होते. पेशवे दफ्तरातले निवडक कागद छापायचं काम त्यांच्याकडे आलं ते त्यानंतर, आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड निघाले. मदतनीस हाताशी होते हे खरं, त्यांची विद्वत्ताही आपल्याजवळ नाही. पण साठ ते सत्तर हे दशक कशाला पुरू शकतं याचा तो पुरावा आहे.

महाराष्ट्रात मोठ्या माणसांच्या शिक्षणाची परंपरा आहे, पण ती मुख्यतः ऐकण्याची. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेनं १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. विद्यापीठांची बहिःशाल मंडळं गावोगाव व्याख्यानं नेतात. मी स्वतः त्या सतरंज्यांवर बसून घडले. तरी मला वाटतं, ऐकून घरी जाणाऱ्या माणसाकडे जे आहे ते व्याख्यानात बाहेर येत नाही. त्या आजी पन्नास व्याख्यानं ऐकत्या तरी दिवटी बोलली नसती. त्यासाठी कागद मधे ठेवून गोल बसावं लागतं, चुकावं लागतं, एकमेकांचं ऐकावं लागतं. गाणं, चित्र, संस्कृत, जुन्या बखरी, काहीही शिकवा, पण मोठ्या माणसांच्या हाती काम द्या.

आणि वर्ग त्यांना पेलेल असा ठेवा. मी ज्या पहिल्या वर्गाला गेले तो तिसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती, वेळ सकाळी अकराची. गुडघे दुखणाऱ्या दोन बायका तिसऱ्याच दिवशी यायच्या थांबल्या. शेवटी परीक्षा होती. साठ वर्षांचे एक गृहस्थ प्रश्नपत्रिका हातात आल्यावर कसे घामाघूम झाले ते मी पाहिलं आहे. शाळेत छडी खाल्लेल्या माणसाला पुन्हा त्याच बाकावर बसवून काय मिळवायचं? आमचा वर्ग तळमजल्यावर भरतो, झेरॉक्स मोठ्या अक्षरांत काढतो, दोन भिंगं टेबलावर असतात, परीक्षा नाही. आणखी एक गोष्ट अनुभवानं कळली. दहा-बारा दिवसांच्या वर्गात मुळाक्षरं आणि बाराखडी होते, पण कागद वाचता येत नाही. वाचणं यायला वर्षभर, दर आठवड्याला, सोबत बसावं लागतं. एकट्यानं घरी केलं तर तिसऱ्या महिन्यात वही बंद होते, हे मी माझ्यासकट कित्येकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आजोबांच्या पेटीतले कागद शेवटी लागले. फार मोठं काही निघालं नाही. एका विहिरीच्या वाटणीचा तंटा, दोन कर्जाच्या पावत्या आणि माझ्या आत्याच्या लग्नातल्या आहेराची यादी. त्या यादीत शेवटून तिसऱ्या ओळीत पणजीचं नाव आहे. ते नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं, सगळे तिला 'मोठी आई' म्हणायचे. तिचं नाव सगुणा होतं.

तुमच्याही घरी माळ्यावर, पेटीत, जुन्या वहीच्या घडीत असे कागद असतील. जवळच्या वाचनालयात विचारा, तिथं वर्ग नसेल तर चार जण मिळून मागणी करा. कागद दाखवायला नेताना मात्र एवढं पाळा. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, घडी जुनी असेल तर जोर लावून उलगडू नका. दोन कोऱ्या पुठ्ठ्यांच्या मधे ठेवा, वरून सुती कापड गुंडाळा आणि आडवाच धरून न्या.

नमस्कार.