जुन्या बाजारातलं खरं गिऱ्हाईक

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या जुन्या बाजाराचे वार दोन, बुधवार आणि रविवार. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या बाजूला रस्त्याकडेला ताडपत्र्या अंथरतात आणि बेअरिंगपासून बुटांपर्यंत वाटेल ते मांडतात. हा बाजार नाणी आणि ग्रामोफोन जमवणाऱ्या हौशी मंडळींचा, असा आपल्यातल्या पुष्कळांचा समज असतो. मला तसं वाटत नाही. तो चालतो फिटर, सुतार, गवंडी आणि वायरमनच्या जिवावर. आपण हौशी लोक तिथले पाहुणे.

म्हणून नाण्यांच्या पथारीकडे वळण्याआधी थोडा वेळ हत्यारांच्या पथारीपाशी उभे राहा. जुनी ड्रिल मशीन घेणारा माणूस आधी किंमत विचारतच नाही. पुढचा चक, म्हणजे पातं बसतं तो भाग, बोटांत धरून हलवतो. खडखडला तर बेअरिंग गेलं. मग मशीन नाकाशी नेतो. मोटार जळली असेल तर तो वास काही केल्या जात नाही. मग मोटारीला वीज पोचवणारे कार्बन किती उरलेत ते बघतो आणि मशीन खाली ठेवताना, जणू सहज आठवलं म्हणून, विचारतो, "कितीला?"

"नऊशे."

"वायंडिंग जळालंय."

"वास घ्या ना दादा!"

"घेतला. म्हणून तर बोलतोय."

पुढे जे चालतं ते ऐकावं. त्याला घासाघीस म्हणणं म्हणजे अन्याय. दोघंही जाणकार असतात आणि ते एकमेकांना ठाऊक असतं. आपण मात्र पितळी घंगाळ पाहिलं की "अय्या, किती छान!" म्हणतो. भाव तिथेच चढतो.

घंगाळ, सतेली, तांबे यांची मोडीच्या भावानं किती किंमत होईल, ते विकणाऱ्याला तोंडपाठ असतं. आपण खिशात एक लोहचुंबक ठेवावा. पितळेला तो चिकटत नाही; चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. पण मला भांडी हातात घ्यावीशी वाटतात ती काठावरच्या नावांसाठी. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं "चि. सौ. कां." आणि पुढे मामांचं नाव, लग्नाची तारीख. मामांनी हौसेनं दिलेलं भांडं ताडपत्रीवर कसं आलं, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवेसुद्धा असेच घराघरांतले. दिनकर केळकरांनी ते जमवले नसते, तर त्यातले बरेचसे मोडीतच गेले असते.

आता नाणी. मधोमध भोक असलेला पैसा तिथे हमखास दिसतो. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला १९४३पासून तो पाडू लागले. तो फार दुर्मीळ नाही, तेव्हा फार पैसे मोजू नका. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, राम-सीता आणि खाली १८१८ असं नाणं कुणी पुढे केलं, तर हसून पुढे चला. कंपनीनं रामाचं नाणं कधी पाडलंच नाही. त्यातच "हे चमत्कारी आहे, तांदूळ स्वतःकडे ओढतं" असं कुणी सांगू लागला, तर हसूही नका, सरळ निघा. त्या थापेला भुलून माणसं लाखांनी बुडाली आहेत.

एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचंही थोडं तसंच. निळी, केशरी, चकचकीत डायल दिसली, तर ती बहुधा मागाहून रंगवलेली. घड्याळ चालेल, वापरायला हरकत नाही. फक्त "ओरिजिनल" म्हणून दाम देऊ नका.

मोबाइलबद्दल मात्र मी कडक आहे. बिल नसेल तर घेऊ नका. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहेच, शिवाय पोलीस दारात आल्यावर "स्वस्त मिळाला" हे उत्तर चालत नाही. फोनवर *#०६# दाबलं की त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर तो तपासता येतो, तोही पैसे देण्याआधी.

सकाळी लवकर गेलात तर भवानीच्या वेळी विकणारा थोडं सोडून देतो. मात्र भाव ठरवून मग माघार घेऊ नका, ते त्याला फार लागतं. आणि गाडी नेऊ नका, मेट्रोनं मंगळवार पेठेला उतरून चालत जा. एक तर गाडी लावायला जागा नाही, आणि गाडी असली की आंघोळीचा बंब घरी न्यायची बुद्धी होते.