खाम नदीच्या काठाने

श्रोतेहो, नमस्कार. मराठवाड्यातली कुटुंबे वेरूळ-अजिंठ्याच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करतात, बिबी का मकबरा पाहतात आणि परततात. खुद्द शहर मात्र पाहायचे राहूनच जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही घरातल्या सर्वांनी एक दिवस केवळ या शहरासाठी राखून ठेवला आणि त्याचा बराचसा भाग खाम नदीच्या आसपास घालवला.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी हे नगर वसवले. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून त्याने १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा आजही भक्कम आहे. शहराचा तट मात्र पुष्कळ नंतरचा, औरंगजेबाच्या काळातला, १६८२ मधला. भिंतीच्या आधी दरवाजा कसा, हा प्रश्न मुलांनी विचारला आणि तिथून पुढे इतिहास सांगण्याची गरजच उरली नाही, तेच विचारत राहिले. पश्चिमेच्या मकाई दरवाजापाशी नदीवरचा दगडी पूल थेट कमानीला येऊन भिडतो. पुलाखालची खाम आज मलिन दिसते, हे पाहून मन खिन्न होते.

आम्ही सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो पाणचक्कीत. शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणायचे, ते उंच भिंतीवर चढवायचे, तिथून हौदात कोसळू द्यायचे आणि त्याच जोरावर जाते फिरवून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळायचे, अशी ही योजना आहे. भूमिगत नहरींची ही परंपरा या शहरात मलिक अंबरनेच सुरू केली. ज्या हौदाकाठी आपण उभे असतो, त्याचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माझ्या आईने हे ऐकले आणि ती पडत्या पाण्यासमोरून लवकर हलेचना. मला वाटते, आपल्या भागातल्या माणसाला या शहराची थोरवी तटबंदीपेक्षा या नहरींतून अधिक उमगते.

आपण सहकुटुंब जाणार असाल, तर सकाळी भडकल दरवाजापासून आरंभ करावा आणि मकाई दरवाजा पाहून पाणचक्कीला यावे. अंतरे थोडी आहेत. वडीलधाऱ्यांना रिक्षाने न्यावे, मुलांना मात्र चालू द्यावे.